पाण्यात हात

पाळणाघरात काम करणाऱ्या पाच जणी पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीशी घेऊन बसल्या होत्या आणि पाचही जणींचे डोळे ओढणीनं बांधलेले होते. मालकीण तेवढी उघड्या डोळ्यांनी दारात उभी होती. एरवी तिला या खोलीत डोकवायलाही सवड नसायची. आज हाताची घडी घालून ती चौकटीला टेकली होती. डोळे बांधायच्या आधी पाचातल्या मोठ्या ताईंनी हे बघून ठेवलं होतं, आणि तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

"लहान मुलांना सगळं आधी हाताला कळतं," प्रशिक्षक बाई सांगत होत्या. "म्हणून आज तुमचेही डोळे बंद. वाडग्यात हात घाला आणि काय वाटतं ते सांगा."

काय वाटतं! ताईंच्या बोटांना गेल्या हिवाळ्यापासून काहीच वाटत नव्हतं. साखरेच्या आजारानं आधी टोकं बधिर झाली, मग बधिरपणा मनगटापर्यंत चढला. इथं त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. पोरांच्या टबात गरम नळ किती सोडायचा आणि गार किती, हे पाठ होतं, त्यावर निभत होतं. पण पाचातली एक लवकरच कमी होणार अशी कुजबुज होती, आणि नेमकं आताच हे हात घालण्याचं प्रशिक्षण! हा सगळा घाट आपल्यासाठीच घातलाय, याबद्दल त्यांना शंका उरली नाही.

चहाडी कुणी केली तेही त्यांना ठाऊक होतं. शेजारच्या खुर्चीवरच्या काडीनं. पोरगी अंगानं काडी म्हणून नाव काडी, पण काड्या करण्यातही कमी नसावी. ताईंनी टब भरला की ही मागून येऊन त्यात हात घालणार. ताईंनी दुधाची बाटली तयार केली की ही त्यातले दोन थेंब स्वतःच्या मनगटावर पाडून बघणार. घरच्या सासूनंही ताईंवर एवढी पाळत ठेवली नव्हती. मेलीचा डोळा माझ्या जागेवर आहे, ताई मनात म्हणाल्या.

पहिला वाडगा मांडीवर घेताना त्यांनी तो हळूच हलवला. खुळखुळ झाली. "बटणं." दुसऱ्यात चुरचुरलं. "वाळकी पानं." तिसऱ्याला आवाज नव्हता, पण वाकल्याबरोबर नवऱ्याच्या दाढीचा वास आला. "साबणाचा फेस." बाकीच्या अजून पहिल्यातच चाचपडत होत्या. प्रशिक्षक बाईंनी टाळ्या वाजवल्या. ताईंना त्या टाळ्यांचाही संशय आला.

चौथ्या वाडग्याला वास नव्हता. हात आत गेला तेव्हा डुबुक झालं.

"पाणी."

"कसं आहे?"

कसं असणार? पोरांच्या खेळाला पाणी कोमटच लागतं. इतकी वर्षं त्यांनीच तर भरलं होतं.

"कोमट," ताई ठणकावून म्हणाल्या.

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. ताईंनी ओढणी कपाळावर सरकवली. वाडगा फ्रिजमधून नुकताच काढलेला असावा. बाहेरून तो घामाघूम झाला होता.

"काय झालं?" मालकिणीनं दारातूनच विचारलं. "पाणी कसं आहे?"

काडीनं आपली ओढणी ओढून काढली. वाडगा जवळ घेतला आणि पंजा पूर्ण बुडवला.

"कोमटच आहे की," ती म्हणाली, आणि हात तसाच आत ठेवला. बोटं लाल होत चालली होती.

प्रशिक्षक बाईंनी दोघींकडे आळीपाळीनं बघितलं आणि वाडगा उचलून नेला.

खोटं का बोलली ही? आज उपकार करून ठेवायचे आणि उद्या वसूल करायचे, असाच काही डाव असणार. पण काडी ताईंकडे बघतही नव्हती. ओढणीत बोटं गुंडाळून ऊब आणत होती. ताईंना तिचा टबातला हात आठवला. मनगटावरचे दुधाचे थेंब आठवले. मग त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की पुढचं प्रशिक्षण त्यांच्या कानांवरून गेलं.

झोपलेली पोरं उठली तसा शेवटचा खेळ मांडला. खोलीच्या मधोमध मोठा टब आला. प्रशिक्षक बाईंनी किटलीतलं उकळतं पाणी त्यात ओतलं, वर गार पाणी ओतलं आणि त्या खेळणी आणायला वळल्या. पोरं हात मागे बांधून टबाभोवती उभी राहिली. ती इथली जुनी शिस्त होती. ताईंनी पाणी बघून "चला" म्हटल्याशिवाय कुणी हात घालायचा नाही.

ताईंनी हात बुडवला. काहीच कळलं नाही. नळ नव्हता, त्यामुळे अंदाजही नव्हता. काडी नेहमीसारखी मागून सरकत आली. मालकीण अजून दारातच होती.

एका पोराची पावलं पुढं सरकली. ताईंनी त्याला कोपरानं अडवलं आणि हात बाहेर काढला.

"काडे, तू बघ," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "मला बोटांनी कळत नाही. गेल्या हिवाळ्यापासून कळत नाही."

दारातली हाताची घडी सुटली.

काडीनं बोट घातलं आणि झटकन मागे घेतलं. "भाजेल हो, ताई! गार पाणी आणा." दोन तांबे पडले. तिनं पुन्हा हात घातला, चांगला ढवळून बघितलं. "आता छान आहे. या रे सगळे."

एकही पोर हललं नाही. हात मागे बांधून सगळी मोठ्या ताईंच्या तोंडाकडे बघत उभी होती.