भिंतीपलीकडचे ठोके

शेजारच्या घड्याळजीनं बेलवर ठेवलेलं बोट उचललंच नाही. भर दुपारी. बाई तावातावानं दाराकडे निघाली. नऊ वर्षं पोटात साठवलेलं सगळं आज ओठांवर आलं होतं, पहिलं वाक्यसुद्धा ठरलं होतं. पण तिनं दार उघडलं आणि आधी तोच बोलला.

"वहिनी, ते घोरत का नाहीत?"

ती बघतच राहिली. नवऱ्याच्या घोरण्यावरून ज्यानं नऊ वर्षं जीव नकोसा केला, तो आज घोरत नाहीत म्हणून भांडायला आला होता. माणसानं करायचं तरी काय?

नवरा गोदीत क्रेन चालवून निवृत्त झालेला. त्याचं घोरणं एवढं की सगळी इमारत त्याला इंजिन म्हणायची. घड्याळजी भिंतीपलीकडे एकटा राहायचा आणि नेमकं त्याच भिंतीला टेबल लावून घड्याळं दुरुस्त करायचा. कानाशी घड्याळ धरावं तर टिकटिक ऐकू यायच्या जागी इंजिन. आधी विनंती झाली, मग शब्दाला शब्द लागला, मग बोलणंच बंद झालं. उरली ती त्याची लाकडी हातोडी. भिंतीवर ठक ठक.

दीड महिन्यापूर्वी नवरा जिन्यात पडला. खुब्याचं ऑपरेशन झालं. दुखणं आवरेना म्हणून डॉक्टरांनी अंगाला चिकटवायची पट्टी दिली. औषध जबर होतं. औषधवाल्यानं पट्ट्यांवर एक छोटा डबा ठेवला आणि समजावून सांगितलं. या औषधानं कधी कधी झोप इतकी गाढ लागते की माणूस श्वास घ्यायचाच विसरतो. तसं झालं तर हा नॅलोक्सोनचा स्प्रे नाकात मारायचा. फुकट आहे, चिठ्ठी लागत नाही, कोणीही न्यावा. रांगेत चार माणसं ऐकत होती. हा स्प्रे कोणासाठी असतो ते तिनं टीव्हीवर पाहिलं होतं. आमच्या घरात कोणी नशा करत नाही, असं ठसक्यात सांगून तिनं डबा मागे सारला. वळली तर रांगेत मागेच घड्याळजी. तिनं त्याला पाहून न पाहिल्यासारखं केलं.

तेव्हापासून ठोके वाढले होते. अगदी ऊत आला होता. आजारी माणसाचा डोळा लागला की पलीकडून ठक. नवरा दचकायचा, एक मोठा श्वास घ्यायचा आणि पुन्हा घोरू लागायचा. म्हणजे ठोकून मिळालं काय? एकदा जिन्यात तिनं घड्याळजीला फैलावर घेतलं. तो पट्टीबद्दल काहीतरी सांगू लागला, तर तिनं त्याच्या तोंडावर दार लावलं.

आज वॉकर धरून धरून नवऱ्याचा खांदा भरून आला होता. तिनं शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली. पट्टीही त्याच खांद्यावर होती. शेकल्यानं पट्टीतलं औषध भराभर अंगात उतरतं, हे तिला कुठून माहीत असणार? जेवून तो झोपला. कधी नव्हे ते आवाज नाही. तिला वाटलं, चला, आराम पडला. तेवढ्यात भिंतीवर लागोपाठ चार ठोके पडले. तिनं चप्पल उचलली आणि इकडून पाच हाणले. मग बेल वाजली.

"झोपलेत ते," ती म्हणाली. "आज कुठे शांत झोपलेत."

घड्याळजी तिला बाजूला सारून आत शिरला. त्यानं हाका मारल्या, छातीवर मुठीची हाडं रगडली. नवरा हलला नाही. त्याचे ओठ जांभळे पडले होते. घड्याळजीनं पिशवी भिरकावली, पट्टी सोलून काढली आणि तिला ॲम्ब्युलन्सला फोन लावायला सांगितलं. मग शर्टाच्या खिशातून डबा काढला.

तिळाएवढे स्क्रू बसवणारे ते हात. जरासुद्धा थरथरले नाहीत. मान मागे, स्प्रे नाकपुडीत, एक दाब. मग ज्याच्याशी इतकी वर्षं अबोला होता त्याचं नाक चिमटीत धरून तो तोंडानं श्वास भरू लागला. नजर मनगटावरच्या घड्याळावर. दोन मिनिटं गेली. तीन गेली. त्यानं दुसरा स्प्रे दुसऱ्या नाकपुडीत मारला. ती फोन कानाला धरून त्या एका आवाजासाठी गयावया करत होती, जो बंद व्हावा म्हणून ती जन्मभर नवस बोलत आली होती.

आणि घर्र झालं. छाती वर आली. पुन्हा एकदा आली. बऱ्याच वेळानं नवऱ्यानं डोळे उघडले, तर वीतभर अंतरावर घड्याळजीचं तोंड.

"आता काय झालं?" तो पुटपुटला. "आज तर घोरलोही नाही मी."

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी त्याला स्ट्रेचरवर घेतलं. स्प्रेचा असर तासाभरात ओसरतो, म्हणून आजचा दिवस दवाखान्यात ठेवावं लागेल, पण स्प्रे वेळेवर मिळाला म्हणून माणूस वाचला, असं ते म्हणाले. त्यांच्यामागे जिना उतरताना तिनं घड्याळजीला विचारलं, डबा कुठून आणला.

"तुम्ही काउंटरवर सोडून गेलात, तोच. कसा मारायचा तेही विचारून घेतलं."

तिला रडू आवरेना. ती पायरीवरच थांबली आणि म्हणाली, "आणि मी भिंतीवर चप्पल हाणली. वाटलं, घोरतात म्हणून ठोकताय. झोपूसुद्धा देत नाही."

घड्याळजीनं मान खाली घातली.

"हा दीड महिना घोरतात म्हणून नव्हतो ठोकत, वहिनी. घोरायचे थांबले की ठोकत होतो."