दोन घरांतले दोन डबे

दुकानदाराने काउंटरवर एक काळा डबा ठेवला आणि त्याचं झाकण सरकवलं. आत शेजारी शेजारी दोन खाचा होत्या.

"यात दोन हार्ड डिस्क बसतात. एकीवर जे जाईल तेच दुसरीवर. एक बिघडली तरी फोटो शाबूत. घरच्या वायफायला जोडा आणि क्लाउडची दरमहाची वर्गणी बंद करून टाका."

वडिलांना डबा पसंत पडला. आईने विचारलं, "आणि हा राहणार कुणाच्या घरी?"

वडील झाकण उगाच पुढेमागे सरकवत राहिले. ते एकीकडून आले होते, आई आणि मुलगी दुसरीकडून. मुलीच्या पाठीवर दोन दिवसांच्या कपड्यांची बॅग होती. दुकानदाराने ती पाहिली. मग एक स्टूल ओढून त्याने मुलीला वर बसवलं. ज्याच्यासाठी वस्तू घ्यायची त्याला ती नीट दिसली पाहिजे, म्हणाला.

मुलीने डब्यात डोकावून विचारलं, "काका, एकीवरचा फोटो कुणी डिलीट केला तर?"

"दुसरीवरचाही लगेच जातो. आरशासारखं आहे ते. तू जीभ दाखवलीस की आरसाही दाखवणार."

मुलगी हसली नाही. आईने मान खाली घातली. गेल्या महिन्यात तिने आपल्या फोनमधले तिघांचे फोटो पुसले होते. फक्त आपल्या फोनमधून जातील, असं तिला वाटलं होतं. संध्याकाळी मुलीने टॅब उघडला तर समुद्राची सहल गायब. वडिलांनी क्लाउडच्या कचरापेटीतून एकेक फोटो परत काढून दिला होता आणि त्यावर अवाक्षर काढलं नव्हतं. आता ती वर्गणीही बंद होणार होती. मुलीचं एवढंच म्हणणं होतं, की फोटो दोन्हीकडे दिसले पाहिजेत आणि पुन्हा जाता कामा नयेत.

दुकानदाराने मोठा डबा उचलून ठेवला आणि दोन छोटे डबे काढले.

"मग असं करू. एक या घरी, एक त्या घरी. दिवसभरात जे नवीन येईल ते रोज रात्री एकमेकांना सांगतील. आणि दोघांनाही मी बजावून ठेवतो, की समोरच्याने पुसलं म्हणून आपण पुसायचं नाही."

मुलगी विचारात पडली. "भांडले तर?"

"इंटरनेट गेलं की अबोला धरतात. आलं की राहिलेलं सगळं एका दमात सांगून टाकतात."

वडिलांना हसू फुटलं. मग आईलाही.

वडिलांनी एक डबा स्वतःच्या पिशवीत टाकला, दुसरा आईच्या हातात दिला. दुकानदाराने हात आडवा केला.

"इतक्यात वेगळे नका करू. जुने फोटो आधी दोघांत भरायला लागतील. लांबून भरायचं म्हटलं तर फार रखडतं. थोडे दिवस एकाच घरी शेजारी ठेवा. जवळ राहून एकदा सगळं भरून घेतलं, की मग लांबूनही त्यांचं छान जमतं."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"आमच्याकडे ठेवू," आई म्हणाली. "टीव्हीखालचा कप्पा रिकामा आहे." आणि जरा थांबून, "जोडून द्यायला तू ये."

"आणि नीट भरतायत का ते बघायलाही यावं लागेल," मुलगी म्हणाली. "रोज."

ती स्टुलावरून उतरली. आईच्या हातातला डबा घेऊन तिने तो वडिलांच्या कापडी पिशवीत, दुसऱ्या डब्याशेजारी ठेवला. पिशवीचा एक बंद वडिलांच्या हातात दिला, एक आईच्या. स्वतः खालून हात लावून ती चालू लागली.

डबे तसे काही जड नव्हते.