ट्रंकेतला कोट

पोरगा विमान कंपनीत लागला, आईबापाला उरलेल्या जागेवर फुकट प्रवास मिळणार म्हटल्यावर कबनूरच्या चनबसाप्पांनी विमानात बसायच्या आधीच अख्ख्या गावाला ढगांवरनं फिरवून आणलं. मुंबईच्या विमानतळावर मात्र काउंटरवरचा माणूस त्यांच्या धोतराकडं बघून म्हणाला, "जागा आहे, पण स्टाफच्या घरच्यांना पॅन्ट, कोट, बूट लागतात. नियम आहे." तेवढ्यात तिकीट काढलेला एक जण हाफचड्डीत आत गेला.

"गंगव्वा, पैसं मोजलं की चड्डी बी चालती बघ!" चनबसाप्पा मोठ्यानं हसले. त्यांचे लाल झालेले कान फक्त बायकोनं बघितले.

कोल्हापुरात कोट शिवला, बूट घेतले. पुढं तीनदा दोघं नटूनथटून गेली; तिन्ही वेळा विमान भरलेलं. चौथ्या खेपेआधी चनबसाप्पांच्या छातीत कळ आली, ती शेवटचीच.

लिंगायत रिवाजाप्रमाणं त्यांना मांडी घालून बसवलं, भस्म लावलं. विधीला आलेल्या स्वामींनी कोरं धोतर मागितलं. गंगव्वानं ट्रंक उघडून कोट, पॅन्ट अन् बूट पुढं ठेवले.



"हेच घाला, स्वामी. धोतरावर एकदा दारातनं माघारी धाडलंय त्यास्नी."