पितळी कठडा

सूर्यभानने चिमट्यात धरलेला पितळी कठडा टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या छोट्या जहाजाच्या काठावर टेकवला आणि नागोरावांनी डोळे विस्फारले. कठडा उलटा होता. जाड पट्टी खाली हवी, ती वर आली होती. त्यांनी ओरडायचा प्रयत्न केला, पण तोंडातून नुसती लाळ आली. भामा, त्यांची सून, जवळच बसली होती. तिने रुमालाने लाळ पुसली आणि नवऱ्याला, सूर्यभानला, म्हणाली की मामंजी खूश झालेत.

तोवर कठडा चिकटला होता. प्लॅस्टिकला प्लॅस्टिक जोडायचा गोंद सावकाश धरतो, चूक सुधारायला वेळ देतो. पितळ त्याला दाद देत नाही. पितळेला झटपट धरणारा गोंद लागतो, आणि त्याने एकदा धरलं की मग सुटका नाही.

नागोराव नांदेडकडच्या एका शेतकऱ्याचे चिरंजीव. हैदराबादेत येऊन सरकारी कारखान्यात नकाशे काढता काढता निवृत्त झाले. छंद एकच, छोट्या जहाजांचा. ही युद्धनौका त्यांनी खास निवृत्तीसाठी राखून ठेवली होती. सांगाडा जोडून झाला, रंग झाला. उरले होते ते नखाएवढे, कागदाहून पातळ पितळी भाग: कठडे, शिड्या, रडारची जाळी. त्यातच पक्षाघाताचा झटका आला, पाय लुळे पडले. दुसऱ्या झटक्यात दोन्ही हात गेले, वाचा गेली. डोळे तेवढे राहिले, आणि डोक्यात सगळं लख्ख राहिलं.

त्याच सुमारास राज्य फुटलं. सूर्यभानच्या सरकारी ऑफिसात फायली, खुर्च्या, माणसं, सगळ्यांची वाटणी सुरू झाली. कोण तेलंगणात, कोण आंध्रात, हा घोळ मिटेपर्यंत कुणाला काम नव्हतं. तो दुपारीच हिमायतनगरच्या घरी यायचा, हात स्वच्छ धुवायचा, वडिलांची चाकाची खुर्ची टेबलाशी आणायचा आणि अपुरं जहाज पुढ्यात घ्यायचा.

नागोरावांना वाटे, पोरगा वेंधळाच. पहिल्यापासून होता. शाळेत असताना त्याने एकदा विमान बनवलं होतं. पंखावर गोंदाने माखलेल्या बोटांचे ठसे, एक चाक वाकडं. घरात पाहुणे बसलेले, त्यांना दाखवायला घेऊन आला. नागोरावांनी ते त्याच्या हातातून घेतलं, फरशीवर ठेवलं आणि चपलेच्या टाचेखाली चिरडलं. हात नाहीत तुला, खुरं आहेत, असं म्हणाले. पाहुणे हसले. पोरगा तुकडे गोळा करत राहिला. त्यात काय वाईट झालं, हे नागोरावांना आजही कळत नव्हतं. चुकलेलं काम डोळ्यांसमोर ठेवू नये, एवढंच त्यांनी शिकवलं होतं. पुढे येणाऱ्याजाणाऱ्याला ते ही गंमत सांगत राहिले. भामाला बघायला गेले तेव्हा तिच्या माहेरीही सांगून आले.

शिड्या बसल्या, त्याही पायऱ्या पालथ्या करून. धुराड्यावरची पितळी जाळी मागची पुढे आली. रोज एक भाग, फार तर दोन. नागोराव रोज घशातून आवाज काढत, रोज रडत. भामा रोज त्यांचे डोळे पुसत असे.

एकदा शेजारचे किशनराव आले. त्यांनी हे दृश्य पाहिलं आणि खुर्ची ओढून नागोरावांच्या शेजारी बसले. सूर्यभानचं नाव आंध्राकडे लागलं होतं, बढतीसकट. वडील असे पडलेले, मी हलणार नाही, म्हणून त्याने साहेबाचे पाय धरले. बढती सोडली आणि इथेच राहिला. हे सगळं नागोरावांना किशनरावांच्या तोंडून कळलं.

"हौ नागोराव, नशीब काढलं तुम्ही," ते म्हणाले. "असा पोरगा आजकाल कुठं मिळतो?"

शेवटी एकटं रडार राहिलं. भामा स्वयंपाकघरात होती. सूर्यभानने पात्याने जाळी पत्र्यातून सोडवली. कडेला राहिलेला कण बारीक कानशीने घासला. जाळीला बाक दिला, तो एकाच दाबात, कुठेही चुणी न पडता. नागोराव बघत राहिले. बोटं जराही थरथरली नव्हती. श्वास कधी सोडायचा आणि कधी धरायचा, हेही त्याला येत होतं. त्यांनी आजवर या हातांकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

सूर्यभानने गोंद न लावता जाळी डोलकाठीवर नुसती टेकवून पाहिली. केसाइतकाही फरक नव्हता. नागोरावांच्या पोटातून काहीतरी ऊब वर आली. हा आपलाच हात, त्यांना वाटलं. असंच, बाळा, असंच, ते डोळ्यांनी सांगत होते.

सूर्यभानने त्या डोळ्यांत पाहिलं. थोडा वेळ पाहतच राहिला. मग जाळी उचलली, पाठ पुढे येईल अशी फिरवली, सुईच्या टोकाने गोंदाचा थेंब लावला आणि दाबून धरली.

"मला माहीत आहे, बाबा," तो हळूच म्हणाला. "पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

नागोरावांनी डोळे मिटून घेतले. तेवढंच त्यांच्या हातात होतं. सूर्यभान उठला. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग मांडीवर काहीतरी हलकं येऊन टेकलं. नागोरावांनी डोळे उघडले. त्यांनीच कधीकाळी हौसेने आणलेलं, अजून न फोडलेलं, जहाजाच्या सुट्या भागांचं एक खोकं होतं.

"अशी कपाटभर आहेत," सूर्यभान त्यांचे डोळे पुसत म्हणाला, "आणि मी कुठेही जात नाही."