रेमिंग्टनवर शिकलेली

पडद्यावर भलतीच अक्षरं उमटली तसा सुवर्णाताईंनी हात वर केला. "सर, कीबोर्ड इन्स्क्रिप्टचा लागलाय. मी रेमिंग्टनवर शिकले, त्यात अक्षरांच्या जागा वेगळ्या. बदलून द्या ना!"

"परीक्षा चालू असताना मला मशीनला हात लावता येत नाही, बाई," पर्यवेक्षक मान न वळवता म्हणाले.

गेलेल्या नवऱ्याच्या जागेवरची नोकरी टिकवायला मराठी टायपिंगची ही शेवटची संधी होती. पांडुरंगाचा धावा करत माउली दहा मिनिटं एकेक अक्षर हुडकत राहिली. जेमतेम चार ओळी झाल्या.

वेळ संपल्यावर पर्यवेक्षकांनी दोन बटणं दाबून दाखवली. कीबोर्ड क्षणात बदलला.

"मग आधी सांगितलं का नाही?"

"कसा बदलायचा, ते तुम्ही विचारलंत कुठं? हात लावायची बंदी मला होती, तुम्हाला नव्हती."