टाकीत उतरवलं कुणी?

"साहेब, हे मराठीत सांगा," म्हणत कलाबाईंनी लॅमिनेशन केलेलं इंग्रजी कात्रण त्याच पेपरच्या उपसंपादक वर्तकांच्या टेबलावर ठेवलं. रंगाच्या कारखान्यात टाकी साफ करताना गेलेल्या त्यांच्या लेकाची ती बातमी. इंग्रजी पेपरला साहेबलोक मानतात, म्हणून भरपाईच्या अर्जाला त्यांनीच ती जोडली होती. "आता कारखान्याचा वकील म्हणतोय, चूक पोराचीच, तुमच्याच कागदात लिहिलंय."

बातम्या कापून कापून थकलेल्या वर्तकांनी आपलीच ओळ जड आवाजात सांगितली, "कामगार टाकीत उतरला आणि गुदमरून मरण पावला."

कीर्तनात बुवांनी कथा अर्ध्यात सोडल्यावर श्रोते बघतात, तशा त्या बघत राहिल्या. "आणि उतरवलं कुणी? पोरगं नको म्हणत होतं हो! कामावरून काढीन म्हणाला तो मुकादम, तो कुठं गेला?"

बातमीदारानं मुकादम लिहिला होता. जागा कमी पडली म्हणून वर्तकांनीच तो गाळला होता.

"माझीच चूक, बाई. उद्याच्या अंकात दुरुस्ती येईल." त्यांनी तिथंच ती लिहून काढली.

"ह्यात आहे का मुकादम?"

वर्तकांनी त्यांचं बोट धरून पहिल्याच शब्दावर ठेवलं.