नुसती साथ

चिकट बोटांनी मनगट घट्ट धरलं, तशी ती किंचाळलीच.

"शी! बाबा, सोडा आधी!"

बाबांनी सोडलं नाही. उलट ते तिला आपल्याकडं ओढायला लागले. डाव्या हातात अजून ताकद होती. तिनं हिसका देऊन मनगट सोडवलं आणि तडक बेसिन गाठलं. दुधात भिजलेल्या बिस्किटाचा लगदा, लाळ आणि कीबोर्डच्या पट्ट्यांवरचा काळपट चिकटा. तीनदा साबण लावला तरी वास जाईना.

तशी ती नाजूक नाकाची नव्हती. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवून तिला चौदा वर्षं झाली होती. वापरून पिवळ्या पडलेल्या कवळ्या दुरुस्तीला येत. त्या हातात धरून ती शेजारणीशी खुशाल गप्पा मारी. परक्याच्या घाणीचं एक बरं असतं, संध्याकाळी ती तिथंच ठेवून घरी येता येतं.

घरी बाबा होते. सात महिन्यांपूर्वी अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू नेली आणि बोलणंही नेलं. उरला डावा हात आणि पंचवीस वर्षांचा जुना अरेंजर कीबोर्ड. डाव्या हातानं पट्ट्या दाबल्या की त्यातला सगळा वाद्यवृंद आपोआप सुरू व्हायचा. उजव्या हातानं वर गाणं वाजवायचं, अशी त्याची रीत. उजवा हात गेला, तसं गाणंही गेलं. राहिलं ते धिन-चिक, धिन-चिक. सुरुवातीचा तुकडा वाजायचा, जरासा पुढं सरकायचा, की बाबा बंद करायचे. पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर म्हणे ते गप्प बसून असत. तिनं घरात पाऊल टाकलं की हे सुरू.

"डोक्यात काहीतरी अडकलंय त्यांच्या," नवरा म्हणायचा. भला माणूस. कानात कापूस घालून पेपर वाचायचा. तिला मात्र त्या ठेक्याची शिसारी आली होती. एकदा जेवताना आपण घासही त्याच ठेक्यावर चावतोय हे लक्षात आलं आणि तिनं ताट बाजूला सारलं.

आज मनगट धरलं आणि कडेलोट झाला.

"मी नवा घेऊन येते. हेडफोनवाला," हात पुसत ती म्हणाली. "हे धूड उद्या भंगारात."

"त्यांचा जीव आहे गं त्यात."

"आणि माझा जातोय, त्याचं काय?"

चपला अडकवून ती निघाली.

दुकानदार चष्मा कपाळावर चढवून एका कीबोर्डची धूळ ब्रशनं झटकत होता. त्यानं आधी जुन्याचीच चौकशी केली.

"पंचवीस वर्षांचा? अहो, त्या पट्ट्यांना हात लावला की हाताला कळतं, काहीतरी वाजवतोय. घेऊन या, साफ करून देतो. हेडफोनची जागा मोडली असेल तर तीही बसवू."

"नको. मला तो डोळ्यांसमोरच नको."

"मग हा बघा नवा." त्यानं एक बटण दाबलं. ताल आला, साथ आली आणि वर बासरीसारखं गाणंही वाजायला लागलं. "तीनशे गाणी आत भरलेली आहेत. सगळं हाच वाजवतो. समोर माणूस बसला काय, न बसला काय."

त्याला हे फारसं आवडत नसावं, पण तिला हायसं वाटलं. "हाच बांधा," ती म्हणाली.

खोक्याला दोरी गुंडाळता गुंडाळता त्यानं सहज विचारलं, "वाजवणार कोण?"

"वडील. वाजवतात कसलं! उजवा हात लुळा पडलाय. सुरुवात करतात, थांबतात, परत सुरुवात. गाणं नाही, काही नाही. नुसती साथ देत बसतात."

दुकानदाराचा हात थांबला.

"साथ?" तो म्हणाला. "कुणाला?"

सात महिने त्या सुरुवातीच्या तुकड्यानं तिचं डोकं उठवलं होतं. तो कुठल्या गाण्याचा, हे तिनं स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. ती सातवीत असताना बाबांनी तिला एकच गाणं शिकवलं होतं, एका बोटानं वाजवायचं. पुढं अभ्यास, नोकरी, संसार. तिनं त्या पट्ट्यांना पुन्हा हात लावला नाही.

हा तुकडा त्याच गाण्याचा, हे आठवलं आणि तिला शिसारी आली. या वेळची शिसारी कीबोर्डची नव्हती.

खोका दुकानातच राहिला.

घरात चिडीचूप होतं. "तू गेल्यापासून त्यांनी हात लावलेला नाही," नवरा हळूच म्हणाला. बाबा कीबोर्डसमोर मान खाली घालून बसले होते. ती आत आली तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

तिनं स्टूल ओढलं आणि त्यांच्या उजव्या बाजूला बसली. कीबोर्ड चालू केला.

"बाबा, द्या बघू सुरुवात."

बाबांनी मान वर केली. मग डावा हात उचलला. तुकडा वाजला. तिनं बोट टेकवलं, पण भलत्याच पट्टीवर. बाबा थांबले. पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला पट्टी बरोबर होती, पण बोट उशिरा पडलं. बाबा थांबले. पुन्हा पहिल्यापासून. चिकट पट्टी बोटाला धरून ठेवत होती. तिनं बोट काढून घेतलं नाही.

तिसऱ्यांदा सूर जागेवर पडला आणि सात महिन्यांत पहिल्यांदाच बाबा पुढच्या ओळीवर गेले.